मिनिएचरवरचा धातू: चमकणारा रंग घ्यायचा की चमक रंगवायची?

मिनिएचर म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळांसाठी किंवा कपाटात मांडण्यासाठी रंगवतात त्या छोट्या मूर्ती. त्यांच्या तलवारी-चिलखतं रंगवायला ब्रश हातात घेण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणा, जवळपास तेवढाच राखाडी प्लास्टिकचा पेला शोधा, दोन्ही खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा. प्लास्टिकच्या पेल्याची उजेडाकडची बाजू फिकट राखाडी दिसेल, लांबची गडद, आणि मधला रंग हळूहळू बदलत गेलेला. स्टीलवर वेगळंच चाललेलं असतं. खिडकीचा पांढराशुभ्र उभा पट्टा, त्याला अगदी खेटून जवळजवळ काळा पट्टा, मग भिंतीचा करडा, कडेला तुमच्या शर्टाचा रंग. डोकं जरा हलवलं की सगळे पट्टे सरकतात. पेल्याचा स्वतःचा ‘स्टीलचा रंग’ शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही.

कारण साधं आहे. प्लास्टिक समोरून आलेल्या उजेडापैकी जेमतेम ४ टक्के उजेड आरशासारखा परत पाठवतं. बाकीचा आत शिरतो आणि प्लास्टिकचा रंग घेऊन सगळीकडे विखुरतो. चांदी ९० टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकते. म्हणून धातू रंगवताना आपण खरं तर त्याच्या भोवतालचं जग रंगवत असतो: वरचा उजेड, खालची जमीन, शेजारचा लाल झगा.

आता पितळेची समई उजेडात धरा. तिच्यावरची चमकसुद्धा पिवळी असते. पिवळ्या प्लास्टिकच्या बादलीवरची चमक मात्र पांढरी असते. हा फरक लक्षात ठेवा, सोनं रंगवताना तो लागणार आहे.

दोन वाटा, दोन्ही जुन्या

तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाने बहरलेल्या चित्रशैलीत देवाच्या दागिन्यांवर खरा सोन्याचा वर्ख लावतात. समोरचा दिवा हलला की चित्रातलं सोनंही हलतं. राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांतले दागिने आणि पदराची जर मात्र पिवळ्या, तपकिरी आणि पांढुरक्या तेलरंगांत रंगवलेली आहे. युरोपात यान व्हान आइकने १४३६ साली पूर्ण केलेल्या एका चित्रात संत जॉर्जचं पोलादी चिलखत असंच साध्या तेलरंगांत उतरवलं, आणि आजही ते बघताना गार पोलादाला हात लागल्यासारखं वाटतं. पुढे रविवर्म्याच्या छापखान्यातली चित्रं घरोघरी गेली, तेव्हा काही हौशी हातांनी त्यांवर जर आणि टिकल्या चिकटवल्या. रंगवलेल्या चमकेवर खरी चमक, अशी ती तिसरी वाट.

मिनिएचरच्या छंदात याच तीन वाटांना वेगळी नावं आहेत. धातूसारखे चमकणारे कण असलेल्या रंगाने रंगवणं म्हणजे ट्रू मेटॅलिक मेटल, थोडक्यात टीएमएम. कण नसलेल्या साध्या रंगांतून चमकेचा आभास उभा करणं म्हणजे नॉन मेटॅलिक मेटल, म्हणजेच एनएमएम. आणि मेटॅलिक रंगावर साध्या रंगाच्या सावल्या चढवणं ही त्यांची मिश्र पद्धत.

मेटॅलिक रंगात अभ्रकाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पापड्या असतात. प्रत्येक पापडी एक छोटासा आरसा असते. अडचण मापाची आहे. २८ मिलीमीटरचा शिपाई म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण ५६ पट लहान. रंगातली पापडी २० मायक्रॉनची धरली, तर त्या शिपायाच्या जगात ती मिलीमीटरहून मोठी झाली. खऱ्या तलवारीवर रवा भुरभुरलेला असेल तर ती जशी दिसेल, तसा जाड कणांचा रंग मिनिएचरवर दिसतो. म्हणून मेटॅलिक रंग निवडताना छटेआधी कण किती बारीक आहेत ते बघा.

दुसरी अडचण अशी की हे आरसे तुमच्या खोलीतला उजेड परावर्तित करतात, शिपायाच्या रणांगणावरचा नाही. तलवारीची सावलीतली बाजूसुद्धा ट्यूबलाइटखाली लकाकते, आणि तुम्ही रंगवलेला कॉन्ट्रास्ट पुसला जातो.

एनएमएमची अडचण याच्या उलट आहे. तिथे उजेड एका जागी कायमचा थांबलेला असतो. समोरून बघितलं तर डोळे फसतात, मिनिएचर हातात घेऊन फिरवली की चमक जागची हलत नाही आणि मेंदूला ते कळतं. वेळही भरपूर लागतो. आणि सराव नसताना केलेलं एनएमएम नुसता करडा दगड दिसतं.

कोणत्या मिनिएचरला कोणती पद्धत

मी आधी एकच प्रश्न विचारतो: ही मिनिएचर कुठून बघितली जाणार आहे?

खेळाच्या टेबलावर हात-दीड हातावरून, वीस शिपायांच्या गर्दीत, चालत्या खेळात ती सतत हलणार असेल तर मेटॅलिक रंग घ्या. हलणारा आरसा हलत्या डोळ्याला पटतो, आणि दहा शिपाई एका संध्याकाळी होतात. एकच दिशा, एकच दिवा, काचेचं कपाट किंवा फोटो असेल तर एनएमएमला खरा वाव आहे, कारण फोटोत प्रकाश थांबलेलाच असतो. मेटॅलिक रंग मोबाइलच्या फ्लॅशमध्ये पांढरे पडतात. एनएमएम फोटोत बहुतेक वेळा प्रत्यक्षाहून जास्त खुलतं.

नंतर पृष्ठभाग बघा. छातीचं रुंद, गुळगुळीत चिलखत, सपाट पातं, गोल शिरस्त्राण इथे एनएमएमला जागा मिळते. साखळीचं चिलखत, रिव्हेट, बारीक कड्या, बंदुकीच्या यंत्रातले खाचे यांवर एनएमएम करत बसणं मला वेळेचा अपव्यय वाटतो; तिथे मेटॅलिक रंग आणि वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) हेच उत्तम.

तिसरी गोष्ट सैन्याची. मेटॅलिक तलवारींच्या रांगेत एकच एनएमएम सरदार उभा केलात, तर त्याची तलवार राखेसारखी दिसते. सरदार कितीही सुरेख रंगवलेला असला तरी हे टळत नाही. एका सैन्याला एकच पद्धत ठेवा. सरदाराला वेगळेपण हवंच असेल, तर शिपायांना साधं मेटॅलिक आणि सरदाराला सावल्या चढवलेलं मेटॅलिक द्या.

माझं मत विचाराल तर बहुतेकांनी बहुतेक वेळा मिश्र पद्धत वापरावी, आणि एनएमएम दर दोन-तीन महिन्यांनी एका मिनिएचरवर शिकण्यासाठी करावं. कारण एनएमएममधून जे कळतं, म्हणजे उजेड कुठे, अंधार कुठे आणि दोघांत किती अंतर, तेच मेटॅलिक रंग वापरतानाही उपयोगी पडतं. स्टीलच्या पेल्याला धातू बनवणारी गोष्ट म्हणजे पांढऱ्याला खेटून आलेला काळा. महागड्या चंदेरी बाटलीतून तो काळा मिळत नाही, तो आपल्यालाच ठेवावा लागतो.

हाताशी काय हवं

रंगांची नावं सांगताना मी मुख्यतः सिटाडेल या ब्रँडची देतो, कारण ती बहुतेकांना ओळखीची आहेत. व्हॅलेहो, स्केल७५, आर्मी पेंटर यांच्यातही तोडीचे रंग मिळतात. व्हॅलेहोच्या मेटल कलर मालिकेतले कण फार बारीक आहेत, आणि ते एअरब्रशसाठी बनवलेले असले तरी ब्रशनेही छान बसतात.

मेटॅलिक रंगांसाठी वेगळा ब्रश आणि पाण्याचा वेगळा पेला ठेवा. यात तडजोड नको. त्या पाण्यात पापड्या तरंगतात, तोच ब्रश पुढे चेहऱ्याच्या रंगात बुडवला की गालावर चकाकी येते आणि ती धुऊन जात नाही. मेटॅलिक रंग वेट पॅलेटवरही (रंग ओला ठेवणाऱ्या पाटीवर) काढू नका. पाणी शोषून ते पसरतात, पापड्या एकीकडे आणि चिकट द्रव दुसरीकडे जातो. चिनी मातीची जुनी बशी किंवा फरशीचा गुळगुळीत तुकडा पुरे. साध्या रंगांना मात्र वेट पॅलेट हवंच, विशेषतः नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये, जिथे पंख्याखाली रंगाचा थेंब मिनिटभरात सुकतो. पसरट डबा, तळाशी ओला स्पंज, वर मेण नसलेला बटर पेपर, एवढ्यात घरच्या घरी होतं.

बाटली भरपूर हलवा. पापड्या जड असतात आणि तळाशी बसतात. आत काचेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा छोटा गोळा टाकून ठेवा. साध्या लोखंडी छर्‍याला आत गंज चढतो आणि रंग बिघडतो.

दिवा एकच ठेवा, वरून आणि किंचित डावीकडून. दोन दिव्यांखाली रंगवलेल्या धातूत दोन उजेडांचा गोंधळ होतो, आणि चुकतंय कुठे हे कळतच नाही.

पहिली पद्धत: दहा शिपाई, साधं मेटॅलिक

पायरी १. काळा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, मारा. चंदेरी रंग थोडासा पारदर्शक असतो, खालचा काळा त्याला खोली देतो आणि जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे सावली म्हणून राहतो.

पायरी २. लेडबेल्चरचे (गडद चंदेरी) दोन पातळ थर द्या. पाणी अगदी थोडं घाला, एका ब्रशभर रंगाला एखादा थेंब. जास्त पाणी झालं की पापड्या वेगळ्या होऊन खाचांत साचतात. ब्रशचे फटकारे पात्याच्या लांबीच्या दिशेने मारा; उरलेल्या रेघा घासलेल्या पोलादासारख्या दिसतात.

पायरी ३. नल्न ऑइलचा काळा वॉश. सगळीकडे सारखा ओतू नका. खाचांत, सांध्यांत, रिव्हेटभोवती भरपूर, सपाट जागी फक्त पुसट. सपाट भागावर थेंब साचला तर ओलसर स्वच्छ ब्रशने लगेच टिपून घ्या, नाहीतर कडेला चहाच्या डागासारखी रेघ उमटते. सिटाडेलने २०२२ मध्ये आपले शेड रंग, म्हणजे हेच वॉश, नव्याने बनवले, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओतला परिणाम आणि तुमच्या बाटलीतला परिणाम तंतोतंत जुळला नाही तर हात चुकला असं समजू नका. वॉश पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात तासभरही लागतो.

पायरी ४. उंच भागांवर पुन्हा लेडबेल्चर लावा, खाचा तशाच ठेवून. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग सगळं चिलखत मळकट राहतं.

पायरी ५. स्टॉर्महोस्ट सिल्व्हर, आणि तेही कंजूषपणे. खांद्याची वरची कड, शिरस्त्राणाचा माथा, पात्याचं टोक. प्रत्येक कडेवर सारखी चंदेरी रेघ ओढलीत तर शिपाई खेळण्यासारखा दिसतो. उजेड वरून येतोय हे विसरू नका. गुडघ्याच्या वाटीची खालची कड चमकायचं कारण नाही.

साखळीच्या चिलखताला पायरी ४ आणि ५ ऐवजी ड्रायब्रश करा: रंग टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसून, हलक्या हाताने, आणि फक्त वरून खाली.

सोनं करायचं असेल तर खाली काळ्याऐवजी तपकिरी घ्या, ऱ्हाइनॉक्स हाइड चालेल. सोनेरी रंग मुळात कमी झाकतात. काळ्यावर ते हिरवट, मेलेले वाटतात. त्यावर सोनेरी रिट्रिब्युटर आर्मर, राइकलँड फ्लेशशेडचा तांबूस तपकिरी वॉश, पुन्हा रिट्रिब्युटर, कडांना लिबरेटर गोल्ड. शेवटच्या ठिपक्यांसाठी लिबरेटरमध्ये थोडं चंदेरी मिसळा. नुसतं चंदेरी ठेवू नका. समईवरची चमक पिवळी होती, आठवा.

दुसरी पद्धत: मेटॅलिकवर साध्या सावल्या

हिची कल्पना सोपी आहे. साधा मॅट रंग उजेड आरशासारखा परत फेकत नाही. म्हणजे मेटॅलिक पृष्ठभागावर जिथे मॅट सावली चढवाल, तिथले आरसे झाकले जातात, आणि खोलीतला दिवा कुठेही असला तरी तो भाग काळाच राहतो. मघाशी सांगितलेली मेटॅलिक रंगाची दुसरी अडचण इथे सुटते.

एक छातीचं चिलखत घेऊ. त्यावर मध्यम चंदेरी रंग सारखा द्या, शक्य तितका गुळगुळीत. आता काळ्यात थोडा गडद निळा मिसळा, वेट पॅलेटवर एक भाग रंगाला पाच-सहा भाग पाणी आणि थोडं ग्लेझ मीडियम (रंग पारदर्शक करणारा द्रव) घाला. ब्रश भरून टिश्यूला एकदा टेकवा, म्हणजे ओघळणार नाही. चिलखताच्या मधल्या भागातून खाली, पोटाकडे ओढत न्या आणि ब्रश तिथेच उचला. ब्रश जिथे उचलला जातो तिथे सगळ्यात जास्त रंग बसतो; म्हणून प्रत्येक फटकारा अंधाराकडे संपला पाहिजे. वाळू द्या. पुन्हा तेच, पण या वेळी किंचित खालून सुरुवात. असे चार-पाच थर. पहिल्या दोन थरांत काहीच झालं नाही असं वाटेल आणि रंग दाट करायचा मोह होईल. दाट करू नका.

सगळ्यात खोल जागी शेवटी जवळजवळ शुद्ध काळा लावा. हात थरथरेल, ‘एवढी छान चमक का मारायची’ असं वाटेल, पण इथे धीर धरला की चिलखत उठून दिसतं. मग उलट दिशेने जा: वरच्या भागात उजळ चंदेरी, त्याच्या आत त्याहून उजळ, आणि शेवटी एका छोट्या जागी तुमच्याकडचा सर्वात चकचकीत रंग.

सावलीत रंगही भरता येतो. पोलादाच्या खालच्या बाजूला अगदी पातळ तपकिरी, म्हणजे जमीन. झग्याजवळ पातळ लाल. सोन्याच्या सावलीत गडद तपकिरी आणि तिच्या तळाशी जांभळ्याची झाक द्या. पिवळ्याच्या समोर जांभळा असतो, म्हणून सोनं त्याच्या शेजारी जास्त तापलेलं दिसतं.

काम तपासताना मिनिएचर हातात फिरवत राहा. एकाच कोनातून बघितलं तर दिव्याचा झोत तुमच्या सावलीवर पडून तिला लपवतो आणि तुम्ही उगाच आणखी थर चढवत बसता.

तिसरी पद्धत: साध्या रंगांतून पोलाद

तलवारीचं पातं घ्या, मधे उंच कणा असलेलं. कण्यामुळे एका बाजूला दोन उतार मिळतात.

आधी उजेड कुठे पडतो ते शोधा. यासाठी मला सर्वात उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे पाणी. काळा प्रायमर मारलेली मिनिएचर पाण्यात बुडवून काढा आणि ठरवलेल्या दिव्याखाली धरा. ओल्या पृष्ठभागावर झगझगीत ठिपके आणि रेघा दिसतील. मोबाइलवर फोटो काढा. तोच तुमचा नकाशा.

आकारांची ओळख असली की हा नकाशा डोक्यातूनही काढता येतो. गोळ्यावर उजेड ठिपक्यासारखा बसतो. नळीवर, म्हणजे भाल्याच्या दांड्यावर किंवा बंदुकीच्या नळीवर, तो लांबीच्या दिशेने पट्ट्यासारखा धावतो. शंकूवर तो टोकाकडे निमुळता होत जातो. सपाट जागी एका कडेकडून दुसरीकडे उतरत जातो. शिरस्त्राण म्हणजे अर्धा गोळा, मांडीचं चिलखत म्हणजे नळी. बहुतेक चिलखतं या चार आकारांतच बसतात.

पाच छटा तयार ठेवा: काळा, काळ्याला थोडा निळा मिसळलेला गडद करडा, मेकॅनिकस स्टँडर्ड ग्रे (मध्यम करडा), ॲडमिनिस्ट्रेटम ग्रे (फिकट करडा), आणि पांढरा.

पायरी १. सगळं पातं गडद करड्याने भरा.

पायरी २. ओबडधोबड आराखडा. वरच्या उताराचा टोकाकडचा एक तृतीयांश भाग फिकट करड्याने भरा, मुठीकडचा काळ्याने. खालच्या उतारावर नेमकं उलट: टोकाकडे काळा, मुठीकडे फिकट. कण्याच्या दोन्ही बाजूंना उजेड आणि अंधार समोरासमोर आले की पातं लगेच धारदार दिसू लागतं. या टप्प्यावर काहीही मिसळायचं नाही.

पायरी ३. थांबा. मिनिएचर हातभर लांब धरून बघा, मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. धातू वाटतोय का? नसेल तर बहुधा अंधार कमी पडलाय. सुधारायचं ते आत्ताच, कारण पुढचे दोन तास घोटून घोटून चुकीचा आराखडा बरोबर होत नाही. नव्याने शिकणारे जवळजवळ सगळे मधल्या करड्यात अडकतात. पांढऱ्याला घाबरतात आणि काळ्यालाही. पात्याचा निम्म्याहून जास्त भाग गडद असू द्या.

पायरी ४. मधल्या छटा भरा. काळा आणि फिकट जिथे भेटतात तिथे मेकॅनिकस ग्रेची अरुंद पट्टी, मग तिच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाच्या पट्ट्या. किती रुंद ठेवायचं हे धातू कसा आहे यावर. घासूनपुसून लखलखीत केलेलं पातं असेल तर उतार आखूड ठेवा, पांढऱ्यातून काळ्यात पटकन उडी. वापरलेलं, निस्तेज लोखंड असेल तर उतार लांब आणि पांढरा जवळजवळ नाहीच.

पायरी ५. ग्लेझ. दुसऱ्या पद्धतीतलंच पातळ मिश्रण, तसेच एका दिशेचे फटकारे. अंधार अंधाराकडे ओढा, उजेड उजेडाकडे. अगदी गुळगुळीत झालंच पाहिजे असं नाही. हातभरावरून जे दिसत नाही त्यावर तास घालवण्याची गरज नसते.

पायरी ६. धार. ब्रशच्या टोकाने नाही, कुशीने, पात्याच्या कडेवरून फिकट रेघ सलग ओढा. मग उजळ भागाजवळच्या कडेवरच शुद्ध पांढरा. काळ्या भागाशेजारची फिकट कड ही पात्याची सर्वात देखणी जागा असते; तिच्यावर मन लावून काम करा.

पायरी ७. दोन-तीन पांढरे ठिपके: टोक, एखादा खळगा, कण्यावरची एक जागा. आणि शेजारच्या कापडाचा रंग अगदी पातळ करून पात्याच्या गडद भागात. ही शेवटची झाक दिली की तलवार त्या माणसाच्या हातात आहे असं वाटायला लागतं.

याच पद्धतीचा एक अवघड प्रकार म्हणजे आकाश-जमीन. अंगावरचा फुगीर भाग आरसा समजा. वरच्या अर्ध्यात आकाश: माथ्याला गडद निळा, खाली येताना फिकट होत क्षितिजाशी जवळजवळ पांढरा. तिथे एकदम काळसर तपकिरी रेघ, आणि तिच्याखाली जमीन, खाली खाली उजळ होत जाणारी. एखाद्या मोठ्या मिनिएचरवर हे अप्रतिम दिसतं. २८ मिलीमीटरच्या शिपायावर करू नका, जागाच पुरत नाही.

सोन्यासाठी गडद तपकिरीपासून फिकटाकडे जाणारा क्रम असा: ऱ्हाइनॉक्स हाइड, मोर्नफँग ब्राउन, बालोर ब्राउन, झामेसी डेझर्ट, उशाब्ती बोन, आणि टोकाच्या ठिपक्यांना हाडासारख्या रंगात मिसळलेला पांढरा. यात भडक पिवळा कुठेच नाही हे लक्षात आलं असेल. पिवळ्याने सुरुवात केली की सोन्याऐवजी हळदीचा रंग होतो. सोनं खरं तर तपकिरीच असतं, आणि थोड्याच जागी पिवळं. तांब्यासाठी तपकिरीत लाल वाढवा आणि उजेड गुलाबीसर ठेवा. खातरी करायची असेल तर तांब्याचा गडू जवळच असेल.

आरशासारखा क्रोम

यंत्रमानव किंवा गाडीचा बंपर अगदी आरशासारखा हवा असेल तर ब्रश बाजूला ठेवा. चकचकीत काळा थर एअरब्रशने मारा, पूर्ण वाळू द्या, त्यावर बारीक कणांचा चंदेरी रंग कमी दाबाने, धुक्यासारखा. खालचा काळा जितका गुळगुळीत तितका क्रोम साफ. बोटांचे ठसे लगेच उमटतात, म्हणून मिनिएचर बाटलीच्या बुचावर चिकटवून बूच धरा.

गंज आणि काट

गंज कुठेही लावू नका, धातू कोणता ते बघा. तांबूस गंज फक्त लोखंडाला चढतो. तांबं, पितळ, कांसं काळपट तपकिरी होतात आणि खाचांत हिरवट काट धरतात. चांदी काळी पडते. सोन्याला यातलं काहीच होत नाही, त्याच्यावर फक्त धूळ बसते. काटासाठी निहिलाख ऑक्साइड हा हिरवट निळा रंग पातळ करून खाचांत सोडा आणि उंच भागावरून लगेच पुसून घ्या.

गंज पाणी साचतं तिथे धरतो: रिव्हेटभोवती, सांध्यांत, पट्ट्याखाली. तलवारीची धार गंजलेली दाखवू नका; सैनिक तिला रोज घासतो. स्पंजचा छोटा तुकडा गडद तपकिरीत बुडवून, टिश्यूवर टेकवून ठिपके उमटवा, मग त्यांच्या आत थोडे नारिंगी. हे मॅट रंगाचे ठिपके मेटॅलिकवर फारच खरे वाटतात, कारण गंजलेली जागा खरोखरच चमकत नाही.

वॉर्निश

इथे बरंच चांगलं काम वाया जाताना मी बघितलंय. मॅट वॉर्निश सगळ्यावर मारलं की मेटॅलिक रंगाचे आरसे धुरकटतात आणि पोलादाचं शिसं होतं. एनएमएमला मात्र मॅटच हवं. तिथे खरी चमक आली तर रंगवलेल्या चमकेशी भांडते.

मेटॅलिकसाठी क्रम असा ठेवा. शेवटचे चंदेरी ठिपके सोडून सगळं रंगकाम पुरं करा. सगळ्या मिनिएचरवर मॅट वॉर्निश. ते वाळल्यावर धातूच्या उजळ भागांवर ब्रशने सॅटिन (अर्धवट चमकीचं) वॉर्निश, सावल्या तशाच मॅट ठेवून. त्यानंतर राखून ठेवलेले चंदेरी ठिपके द्या. त्यांच्यावर वॉर्निश नको.

जून ते सप्टेंबरमध्ये, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात, स्प्रेचा डबा उघड्यावर वापरू नका. हवेतली ओल थरात अडकते आणि वॉर्निशवर पांढुरका धुरळा बसल्यासारखा दिसतो. प्रायमरही खरखरीत होतो. त्या महिन्यांत ब्रशने लावायचं पाण्यातलं वॉर्निश वापरा, दोन पातळ थर, मधे किमान एक तास. स्प्रेच मारायचा असेल तर पावसाने उघडीप दिलेली कोरडी दुपार निवडा, आधी एका टाकाऊ तुकड्यावर मारून अर्धा तास थांबा, आणि तो स्वच्छ राहिला तरच मिनिएचर पुढे घ्या. वाळेपर्यंत वर डबा पालथा घालून ठेवा, पण खाली काडी लावून थोडी फट राहू द्या, म्हणजे धूळ बसणार नाही आणि ओलही कोंडणार नाही.